‘कळवतो’

मुलाखत संपते. समोरचे साहेब खुर्चीत जरा मागे रेलतात, बायोडाटा बाकीच्या बायोडाट्यांच्या गठ्ठ्यावर ठेवतात आणि म्हणतात, “ठीक आहे, कळवतो.” या एका शब्दावर मराठवाड्यातल्या केज, औसा, किनवट नाही तर सेलूकडचं एखादं घर पुढचे पंधरा-वीस दिवस काढतं. पारावर बसलेले विचारतात, “काही कळालं का रं?” पोरगं सांगतं, “कळवतो म्हणलेत.” पहिल्या आठवड्यात या उत्तरात दम असतो. तिसऱ्या आठवड्यात तेच उत्तर द्यायला नको म्हणून पोरगं पाराकडची वाट सोडून मागच्या गल्लीनं जायला लागतं.

‘कळवतो’ हा आपल्याकडे मुळात सोयरिकीतला शब्द. पोहे खाऊन पाहुणे उठले की चपला घालताना हाच शब्द टाकतात. पण तिथं मध्यस्थ असतो. चार-सहा दिवसांनी तो येतो, चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि बशीकडं बघत म्हणतो, “पत्रिका जुळंना म्हणतेत.” पत्रिका कुणी उघडूनही पाहिली नव्हती हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तरी नकार पोचलेला असतो आणि घर पुढच्या स्थळाकडं बघायला मोकळं होतं. नोकरीच्या बाजारात एवढं खोटं बोलायलासुद्धा कुणी येत नाही.

मध्यस्थ इथंही आहेत, त्यांना कन्सल्टन्सी म्हणतात. त्यांचा व्यवहार समजून घेतला तर त्यांच्या गप्प बसण्याचा निम्मा उलगडा होतो. कन्सल्टन्सीला कंपनीकडून मिळणारी फी साधारणपणे उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तीही मिळते उमेदवार रुजू झाल्यावर. अनेक करारांत अट असते की तो ठरावीक मुदतीत, बहुधा ९० दिवसांत, सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा फुकट द्यायचा. म्हणजे दहा जणांना मुलाखतीला पाठवलं तर पैसे एकाचेच येणार. उरलेल्या नऊ जणांना फोन करण्यात जाणारा वेळ तिच्या हिशेबात निव्वळ तोट्याचा. तुमची निवड व्हायची शक्यता असते तोवर कन्सल्टन्सीची मॅडम दिवसातून तीनदा फोन करते, “सर, निघालात का? सर, पोचलात का?” आणि मुलाखतीच्या दुसऱ्या दिवसापासून ती आपला फोन उचलत नाही. माणूस तोच, हिशेब बदललेला असतो.

कंपनीच्या आतली गोष्ट वेगळी. छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या मध्यम आकाराच्या कारखान्यात एचआर, म्हणजे मनुष्यबळ विभाग, एक-दोन माणसांचा. हजेरी, ओव्हरटाइम, कॅन्टीनच्या तक्रारी, ठेकेदारांची बिलं, सगळं त्यांच्याच टेबलावर. पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काढायचा, पीएफ आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन १५ तारखेच्या आत भरायचं. त्यामुळं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात त्या टेबलाकडून उत्तराची अपेक्षा धरणं म्हणजे सुगीत कुणाच्या शेतावर जाऊन निवांत गप्पांची अपेक्षा धरणं. चौकशीचा फोन करायचाच तर १६ ते २५ या तारखांत आणि दुपारच्या जेवणानंतर करावा. एवढ्या साध्या गोष्टीनं फरक पडतो, आणि ती कुठल्याही कॉलेजात सांगत नाहीत.

दुसरं असं की पुष्कळदा एचआरलाच माहीत नसतं. जागेची मागणी विभागप्रमुख करतो, प्लँट हेड सही करतो, मग कागद पुण्या-मुंबईच्या हेड ऑफिसला जातो. मधेच ऑर्डर कमी झाली की फाइल ‘होल्ड’वर जाते. होल्डवरची जागा मेलेली नसते म्हणून नकार देता येत नाही, जिवंत नसते म्हणून होकारही देता येत नाही. जागा मंजूर असली तरी पहिल्या पसंतीच्या माणसाला जुन्या कंपनीचा ३०, ६० नाही तर ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो. तो खरंच येईल की तिथं पगार वाढवून घेऊन बसेल, याचा भरवसा नसतो. मग दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला गॅसवर ठेवतात. त्याला ‘नाही’ म्हटलं आणि पहिला आला नाही तर पंचाईत. पहिला हजर होतो त्या दिवशी दुसऱ्याला कळवायचं राहून जातं, कारण आता त्याची गरज संपलेली असते. शेवटच्या फेरीपर्यंत पोचलेल्याला सगळ्यात जास्त ताटकळावं लागतं ते यामुळं. पहिल्याच फेरीत बाद झालेला त्या मानानं सुखी.

एचआरची बाजू अगदीच खोटी नाही. ऑफर लेटर घेऊन, रुजू व्हायची तारीख ठरवून, त्या दिवशी फोन बंद ठेवणारे उमेदवार आपल्याकडंही भरपूर. त्यातले काही पोलीस भरतीच्या मैदानावर असतात, काही तलाठ्याच्या पेपरला, आणि काहींना दुसरीकडं हजार रुपये जास्त मिळालेले असतात. तेही कळवत नाहीत. पण दोन्ही पारडी सारखी नाहीत. कंपनीची एक जागा आणखी पंधरा दिवस रिकामी राहते. उमेदवाराचं काय जातं ते मांडून बघू.

अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला दोनशेच्या वर किलोमीटर. सकाळी दहाची मुलाखत असेल तर आदल्या संध्याकाळीच निघावं लागतं आणि सिडकोत नाही तर बजाजनगरात कुणाच्या तरी खोलीवर पाठ टेकावी लागते. जाता-येताचं एसटीचं तिकीट. मुलींना मार्च २०२३ पासून अर्धं, तेवढा दिलासा. बसस्थानकापासून वाळूजपर्यंत पुन्हा सिटी बस किंवा शेअर रिक्षा. कागदपत्रांच्या झेरॉक्सचे दोन संच, चार फोटो, दोन वेळचं खाणं. वरून दोन दिवसांची मजुरी बुडते, कारण घरी बसलेलं पोरगं खरोखर बसलेलं नसतं; फवारणीला, हमालीला, कुणाच्या दुकानावर कुठंतरी लागलेलं असतं. हा खर्च निघतो सोयाबीन विकल्यावर किंवा उसनवारीवर. गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवून घ्यायचं, साडेबारापर्यंत बाकड्यावर बसायचं, आत सात मिनिटं बोलायचं आणि ‘कळवतो’ घेऊन परत फिरायचं. अशा पाच खेपा झाल्या की सहाव्या खेपेला बाप विचारतो, “जायलाच पाहिजे का?”

म्हणून निघायच्या आधी फोनवर चार गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. जागा आज खरंच मोकळी आहे का. पगार कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या. हातात साधारण किती पडतात. सगळ्या फेऱ्या एकाच दिवशी होणार की परत यावं लागणार. ज्याला या चारांतल्या एकाचंही उत्तर देता येत नाही तो बहुधा नुसते बायोडाटे गोळा करतोय. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जाहिरातींवर तर तारीखच नसते. ‘त्वरित भरती, वाळूज’ हा संदेश तीन वर्षांपूर्वीचाही असू शकतो, आणि खालच्या नंबरवरचा माणूस रोज चाळीस जणांना “भाऊ, ते झालं” सांगून वैतागलेला असतो. तो निदान सांगतो तरी.

ठेकेदाराकडची शांतता हा आणखी वेगळा प्रकार. औद्योगिक विवाद कायद्यानं वर्षभरात २४० दिवस काम भरलं की सलग सेवा धरली जायची. त्या आकड्याच्या अलीकडं थांबवायचं म्हणून सहा-सात महिन्यांनी कामगाराला ‘ब्रेक’ द्यायची रीत पडली. ब्रेक देताना सुपरवायझर म्हणतो, “महिनाभर गावाकडं जाऊन ये, फोन करू.” तो फोन कधी येतो, कधी येत नाही. आयटीआयचा फिटर, वेल्डर, मशिनिस्ट झालेला पोरगा ओळखपत्र जमा करून गावी येतो आणि त्याला स्वतःलाच सांगता येत नाही की आपली नोकरी आहे की गेली. ब्रेकच्या शेवटच्या दिवशी तीन गोष्टी हातात असाव्यात: शेवटच्या महिन्याची पगार स्लिप, पीएफचा यूएएन नंबर आणि कामाचा दाखला. ठेकेदार पुन्हा बोलावो न बोलावो, पुढच्या गेटवर या तीन कागदांना किंमत असते. अप्रेंटिसचंही तसंच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. करारात तशी अट असेल तरच. “पुढं घेऊ” या तोंडी शब्दावर दुसरीकडचा अर्ज थांबवणारे दरवर्षी फसतात.

आता जी गोष्ट ऐकायला कुणाला आवडत नाही ती. काही वेळा उत्तर आलेलं असतं, आपल्यापर्यंत पोचलेलं नसतं. तालुक्याच्या गावी नेट कॅफेत फॉर्म भरताना घाईत कॅफेवाला स्वतःचाच ईमेल टाकतो, कारण ओटीपी त्याला लगेच हवा असतो. मुलाखतीचं पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये शेकडो फॉर्मांच्या खाली जाऊन पडतं. ईमेल आपलाच, पासवर्ड आपल्याला पाठ असलेला, आणि स्पॅमचा कप्पा दोन दिवसांनी उघडून बघायचा, इतकं पाळलं तरी बरंच टळतं. बायोडाट्यावर दिलेल्या सिमचा रिचार्ज संपून इनकमिंग बंद पडलं की कंपनीच्या बाजूनं ‘उमेदवाराशी संपर्क झाला नाही’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. शेतात रेंज नसेल तर घरातला दुसरा नंबर खाली लिहावा, आणि त्या नंबरच्या माणसाला तशी कल्पनाही द्यावी. नाही तर “कोण कंपनी? राँग नंबर” म्हणून आजी फोन ठेवून देते.

बायोडाट्याच्याही खोड्या आहेत. कॅफेत श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसतो. युनिकोड वापरावा आणि पीडीएफ पाठवावी. मोबाइलनं कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ माणसाला वाचता येते. अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला बहुधा त्यात एकही शब्द सापडत नाही. दोन रकान्यांचे रंगीत नमुनेही तसेच दगा देतात. सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडं सरळ वाचत जातं, त्यामुळं ‘छंद’ आणि ‘अनुभव’ एकाच ओळीत मिसळतात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. तसंच्या तसं भरलं की यंत्र आडनावालाच नाव समजतं आणि आधार, पॅन, पीएफ यांच्याशी जुळणी करताना गोंधळ उडतो. सगळ्या कागदांवर एकच क्रम, एकच स्पेलिंग. फाइलला ‘न्यू बायोडाटा फायनल २’ असं नाव देऊ नये. आपलं नाव, ट्रेड आणि अनुभवाची वर्षं एवढं पुरे. आणि अकरावीत काढलेला ‘किंग’, ‘रॉयल’, ‘डॉन’वाला ईमेल आयडी आता सोडून द्यावा.

नोकरीच्या पोर्टलवर तर पुष्कळ जण एकदा प्रोफाइल भरून सहा महिने वाट बघतात. शोधणारा तिथं गेल्या पंधरा-तीस दिवसांत हालचाल असलेलेच उमेदवार बघायची चाळणी लावतो. तुमचं प्रोफाइल कितीही चांगलं असलं तरी जुनं झालं की तळाशी जातं. आठवड्याला एकदा एखादी ओळ बदलून जतन केलं की पुन्हा वर येतं. ‘सध्याचं ठिकाण’ या रकान्यात केज किंवा किनवट लिहिलं की पुण्याच्या यादीतून नाव आपोआप गळतं. स्थलांतराची तयारी आहे हे वेगळ्या रकान्यात नोंदवायला लागतं.

सरकारी भरतीचं गणित निराळं. तिथं फी भरलेली असते, म्हणून वाट बघणं आणखी झोंबतं. मार्च २०१९ मध्ये निघालेली जिल्हा परिषदांची जाहिरात रखडत रखडत शेवटी रद्दच झाली. २०२३ मध्ये १९,४६० जागांची नवी जाहिरात आली, फी खुल्या वर्गाला १,००० आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये. मधल्या काळात वयोमर्यादा कुणाची वाट बघत थांबत नव्हती. तरी सरकारच्या गप्प बसण्याला एक कुलूपतोड हत्यार आहे: माहिती अधिकार, २००५ चा कायदा. साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. जनमाहिती अधिकाऱ्यानं ३० दिवसांत उत्तर द्यायचं, न दिल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज फसतो तो प्रश्नामुळं. “मला का घेतलं नाही?” असं विचारलं तर ‘हा माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. “प्रवर्गनिहाय निवड व प्रतीक्षा यादी, शेवटच्या निवड झालेल्या उमेदवाराचे गुण, प्रतीक्षा यादीची मुदत आणि रिक्त राहिलेल्या जागांची संख्या यांच्या प्रती मिळाव्यात” असं मागितलं तर कागद नाकारणं अवघड जातं.

खासगी कंपनीला असं काही विचारता येत नाही. १९५९ चा एक कायदा होता, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला रिक्त जागा कळवण्याचा. खासगी क्षेत्रात २५ किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. जागा कळवायची, पण तिथूनच माणूस घ्यायचं बंधन नाही; उमेदवाराला उत्तर द्यायचा तर विषयच नाही. पुढं तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये जिरवला गेला. एके काळी वडिलांच्या पेटीत त्या एक्स्चेंजचं कार्ड असायचं, मुदत संपली की नूतनीकरण करून आणलेलं. त्याची जागा आता महास्वयम पोर्टलच्या लॉगिननं घेतलीय, वाट बघणं तेच. दुसरीकडं बघा: कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकानं, जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत, निर्णय झाला की नाही हे कळवायचा नियम आला. अर्ज केलेल्या प्रत्येकाला नव्हे, फक्त मुलाखत घेतलेल्यांना. इतकं माफक मागणं आपल्याकडं कुणी मागितल्याचंही ऐकिवात नाही.

खरं तर त्यासाठी कायद्याची गरजही पडू नये. मुलाखतीला वीस जण आले, एक घेतला, एकोणीस नंबर रजिस्टरात आहेत. “अमुक जागा भरली आहे, आल्याबद्दल आभार” हा संदेश एकदा लिहायचा आणि एकोणीस जणांना पाठवायचा. चहा निवायच्या आत होणारं काम आहे. तेही जमत नसेल तर गेटवरच्या फळ्यावर खडूनं लिहावं: फिटर भरती पूर्ण, अमुक तारीख. वॉचमनला तेवढं सांगून ठेवलं तरी चौकशीला आलेला माणूस बाकड्यावर बसून राहणार नाही. कारण सांगू नका, गुण सांगू नका. ‘नाही’ एवढं सांगा. ज्या जालन्याच्या किंवा लातूरच्या कारखान्याला पुढच्या वर्षी पुन्हा वेल्डर लागणार आहेत, त्याच्याबद्दल गावागावांत काय बोललं जातं हेही त्यानं ध्यानात घ्यावं. आपल्याकडं नोकरीची बातमी पोर्टलपेक्षा मावसभावाकडून लवकर कळते, तशी बदनामीही.

या शांततेचा फायदा उठवणारेही आहेत. दोन महिने कुणी उत्तर दिलेलं नसतं आणि अचानक फोन येतो, “अभिनंदन, आपलं सिलेक्शन झालंय.” मग गणवेशाचे, मेडिकलचे, सुरक्षा ठेवीचे पैसे. उत्तरासाठी भुकेलेला माणूस इथंच चुकतो. पैसे मागितले की बोलणं तिथंच थांबवायचं. ईमेल जीमेलचा की कंपनीच्या नावाचा, ते बघायचं. ठेकेदाराचं नाव पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायच्या सोयीत टाकून बघता येतं; नोंदणीच नसेल तर तुमचा पीएफ भरणार कुठून? पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची आशा असते.

उरतो प्रश्न ‘कळवतो’चं करायचं काय. तो शब्द ऐकताच उठू नये. तिथंच नम्रपणे विचारावं: “सर, साधारण कधीपर्यंत? आणि कुणाला फोन करू?” बहुतेक साहेब काहीतरी तारीख सांगतात. वहीत सहा रकाने आखावेत: तारीख, कंपनी, जागा, कुणामार्फत, सांगितलेली तारीख, शेवटचं बोलणं. सातवा रकाना खर्चाचा. तो बघून पुढच्या खेपेला जायचं की नाही हे ठरवणं सोपं जातं. सांगितलेली तारीख उलटून कामाचे दोन दिवस गेले की एकच संदेश: “नमस्कार मॅडम, ११ तारखेला मेंटेनन्स फिटरच्या जागेसाठी मुलाखत झाली होती. जागा भरली असल्यास तेवढं कळवावं, म्हणजे मी दुसरीकडचं नक्की करतो.” यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नकार दिला की समोरचा वाद घालेल, रडेल, ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन लावेल, या धास्तीनंही पुष्कळ जण गप्प बसतात. त्यांना ‘नाही’ म्हणायला आपणच वाट करून दिली की उत्तर यायची शक्यता वाढते. आठवड्यानं एक फोन. त्यानंतर संदेश नाही, फोन नाही, ओळखीच्या माणसाकरवी निरोपही नाही. मुलाखतीपासून २१ दिवस झाले की वहीतल्या त्या ओळीवर तिरपी रेघ मारायची. पुढं त्यांचा फोन आलाच तर उचलायला कुणी अडवलेलं नाही.

मग पाराकडच्याच वाटेनं जावं. कुणीतरी विचारणारच, “काही कळालं का रं?”

“नाही. ते बंद केलं म्या. शेंद्र्याचं एक बघायलोय, सोमवारी.”